वाचकांचे प्रश्न : फसवणुकीच्या तक्रारींचा सामाईक साठा

मागील अंकात अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाच्या ‘कन्झ्युमर सेंटिनेल’ नावाच्या तक्रारसाठ्याची आम्ही ओळख करून दिली होती. तो अंक ज्यांच्या हाती आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर १९९७ पासून हा आयोग ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी एके ठिकाणी गोळा करत आला आहे. थेट आयोगाकडे आलेल्या तक्रारींबरोबरच इतर सरकारी खाती, काही राज्यांचे महाधिवक्ते, एफबीआयचे इंटरनेट गुन्ह्यांचे केंद्र आणि बेटर बिझनेस ब्युरोसारख्या बिगरसरकारी संस्था यांच्याकडे आलेल्या तक्रारीही या साठ्यात जमा होतात. देशभरचे दोन हजारांहून अधिक तपासकर्ते त्यात शोध घेऊ शकतात, मात्र सामान्य माणसाला तो उघडून पाहता येत नाही. या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे निवडले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. त्याने एका संकेतस्थळावरून ८६ डॉलरची खुर्ची मागवली. पैसे गेले, खुर्ची आली नाही आणि पंधरवड्यात ते संकेतस्थळही नाहीसे झाले. त्याने आयोगाकडे तक्रार केली, तेव्हा ‘आम्ही वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही’ असे त्याला कळवण्यात आले. ही सरळसरळ बोळवण नव्हे काय? मग तक्रार करायचीच कशासाठी?

आपला राग समजण्यासारखा आहे. ते वाक्य कितीही खरे असले, तरी नुकत्याच फसलेल्या माणसाला ते कानांवर हात ठेवल्यासारखेच वाटणार. तरीही आयोगाने आपल्या मुलाला खोटी आशा दाखवली नाही, ही गोष्ट मी त्याच्या जमेस धरतो. आयोग हा कोणा एका ग्राहकाचा वकील नाही. अन्याय्य आणि फसव्या व्यापारी प्रथा रोखणे हे त्याचे कायद्याने ठरवून दिलेले काम आहे आणि त्यासाठी तो जे खटले भरतो ते साऱ्या ग्राहकांच्या वतीने भरतो.

म्हणून ८६ डॉलर परत मिळवण्याचा मार्ग आणि तक्रार नोंदवण्याचा मार्ग हे दोन वेगळे मार्ग आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील, तर ज्या हिशेबपत्रकात ती रक्कम पहिल्यांदा दिसली ते पाठवले गेल्यापासून ६० दिवसांच्या आत कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी हरकत घेण्याचा हक्क अमेरिकी कायद्याने ग्राहकाला दिलेला आहे. माल पोहोचलाच नाही, हे त्या हरकतीचे सबळ कारण ठरते. आपल्या मुलाने अद्याप हे केले नसेल, तर हा अंक बाजूला ठेवून त्याला आधी फोन करावा. मुदत उलटून गेली, तर या सदरातल्या उत्तराने ती मागे येणार नाही.

राहिला प्रश्न तक्रारीचा. वैद्य रोग्याला औषध देतो आणि साथीचा रोग असेल तर त्याची नोंद आरोग्य खात्याकडेही करतो. त्या नोंदीने रोग्याचा ताप उतरत नाही, पण एकाच विहिरीभोवती पाच नोंदी झाल्या की विहिरीकडे कोणाचे तरी लक्ष जाते. आपल्या मुलाची तक्रार ही अशा नोंदीसारखी आहे.

ती त्याच्या कधीच उपयोगी पडणार नाही, असेही नाही. आयोगाने खटला जिंकून रक्कम वसूल केली, तर ती फसलेल्यांना वाटली जाते आणि तेव्हा कोण फसले होते याचा पुरावा लागतो. त्याचे एक उदाहरण पुढच्या उत्तरात दिले आहे. मात्र येथे एक अडचण सांगितली पाहिजे. ज्या कलमाच्या आधारे आयोग अनेक वर्षे थेट न्यायालयातून ग्राहकांचे पैसे परत मिळवत असे, त्या कलमाने तसा अधिकार मिळत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये एकमताने दिला. अन्य कलमे शिल्लक आहेत, पण तेव्हापासून आयोगाची वाट अधिक लांबची झाली आहे. खुर्चीचे पैसे आयोगाकडून येतील, असे धरून चालू नये.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. लाखो तक्रारींच्या ढिगातून तपास अधिकारी नेमके काय शोधतो? भामटे तर दर महिन्याला नाव बदलतात. नावावर नाव जुळत नसेल, तर साठा कितीही मोठा असून काय उपयोग?

आपण नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. नावावरून शोध घेणारा अधिकारी बहुधा रिकाम्या हातांनीच परततो. पण भामट्याला नाव बदलणे जितके सोपे असते तितके बाकीचे सारे बदलणे सोपे नसते. पैसे कोठेतरी उतरवून घ्यावे लागतात, त्यासाठी खाते लागते, खात्यासाठी माणूस लागतो. टपाल घ्यायला पत्ता लागतो. आणि बोलायला संहिता लागते, कारण पगारी माणसांकडून दिवसभर फोन करून घ्यायचे तर त्यांना लिहून दिलेली वाक्येच वाचावी लागतात.

तीन तक्रारी समोर आहेत अशी कल्पना करा. पहिलीत एका राज्यातील विधवा बाई म्हणतात की त्यांना लॉटरी लागल्याचे सांगून ‘सीमाशुल्का’पोटी पैसे मागितले गेले. दुसरीत दुसऱ्या टोकाच्या राज्यातील एक तरुण म्हणतो की कर्ज मंजूर झाल्याचे सांगून त्याच्याकडून ‘विम्याचा पहिला हप्ता’ घेतला गेला. तिसरीत नातवाला अटक झाल्याची थाप मारून आजोबांकडून जामिनाची रक्कम उकळलेली आहे. कंपन्यांची नावे तीन, थापा तीन, आणि तिन्ही तक्रारी तीन वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत तीन किरकोळ प्रकरणे म्हणून पडून राहिल्या असत्या. परंतु तिघांचेही पैसे ज्या केंद्रातून उचलले गेले ते केंद्र एकच असेल आणि तिघांनीही पावतीवरचा तपशील जसाच्या तसा उतरवलेला असेल, तर सामाईक साठ्यात ती तीन प्रकरणे एका रांगेत येऊन उभी राहतात. दोन राज्यांचे अधिकारी एकाच टोळीच्या मागे असतील, तर एकमेकांना त्याचा सुगावा लागावा म्हणून आपण कोणाचा माग काढत आहोत याची खूण साठ्यात ठेवण्याची सोयही केलेली आहे. मला ही सोय साठ्याच्या आकाराहून मोलाची वाटते, कारण भामट्यांना खरे अभय मिळते ते दोन कार्यालयांमधील अबोल्यातून.

दूरध्वनी क्रमांकाचा मात्र जपून वापर करावा लागतो. पडद्यावर दिसणारा क्रमांक खोटा दाखवता येतो, त्यामुळे तो जुळला म्हणजे माणूस जुळला असे होत नाही. भामट्याने ‘या क्रमांकावर परत फोन करा’ असे सांगितलेला क्रमांक अधिक भरवशाचा असतो. तेथे फोन त्यालाच घ्यायचा असतो.

आता प्रत्यक्ष घडलेले सांगतो. पैसे पाठवणाऱ्या मनीग्राम या कंपनीविरुद्ध आयोगाने २००९ मध्ये कारवाई केली. आयोगाचे म्हणणे असे होते की अमेरिकेतून कॅनडात पाठवलेल्या पैशांबाबत २००८ मध्ये कंपनीकडे फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक तक्रारी सुमारे १३१ एजंटांशी निगडित होत्या, आणि कंपनीचे तेथील एजंट होते १,२०० हून अधिक. बँकेत काम केलेल्या माणसाला या आकड्यांचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही. दहातील नऊ खिडक्या स्वच्छ होत्या आणि जवळजवळ सारा चिखल दहाव्या खिडकीतून येत होता. हे कळायला कोणती गहन विद्या लागत नाही, तक्रारी एकत्र ठेवून एजंटवार मोजल्या की पुरे. कंपनीने ग्राहकांना परत देण्यासाठी १.८ कोटी डॉलर भरले आणि देखरेख सुधारण्याची हमी दिली. ती हमी पाळली नाही, या आरोपावरून २०१८ मध्ये तिला आणखी साडेबारा कोटी डॉलर मोजावे लागले.

पैसे पाठवणाऱ्याच वेस्टर्न युनियन या कंपनीची गोष्ट याच वळणाची, पण आकाराने कितीतरी मोठी आहे. २००४ ते २०१५ या काळात त्या कंपनीच्या स्वतःच्याच दप्तरात फसवणुकीच्या साडेपाच लाखांहून अधिक तक्रारी जमा झाल्या होत्या आणि त्यांतील रकमेची बेरीज ६३ कोटी डॉलरच्या वर जात होती. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने ५८.६ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. यातले पहिले वाटप मार्च २०२० मध्ये झाले आणि १ लाख ९ हजारांहून अधिक लोकांना मिळून १५.३ कोटी डॉलर परत गेले. वाटपासाठी अर्ज मागवताना ज्यांनी पूर्वीच कंपनीकडे, आयोगाकडे किंवा अन्य सरकारी संस्थेकडे तक्रार नोंदवलेली होती अशा अनेकांना अर्जाचे नमुने टपालाने घरपोच पाठवले गेले. खुर्चीबद्दल विचारणाऱ्या आईंनी हे वाक्य मुलाला वाचून दाखवायला हरकत नाही.

दोन्ही प्रकरणांतील तक्रारींचे मुख्य ढीग आयोगाच्या साठ्यात नव्हते, ते कंपन्यांच्याच कपाटांत होते. ज्याच्याकडे तक्रारी साठतात त्याला त्या वाचण्याची इच्छा असेलच असे नाही. साठा सामाईक हवा, हे म्हणण्यामागे माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठे कारण आहे.

प्रश्न : मी अमेरिकेत मुलीकडे राहत असताना फसलो आणि तेथेच ही तक्रार नोंदवली : ‘मार्च महिन्यात एका कंपनीने माझी फसवणूक केली. त्यांचा माणूस फार गोड बोलत होता. माझ्यासारख्या ज्येष्ठ नागरिकांना लुबाडणाऱ्या अशा लोकांना कठोर शिक्षा झाली पाहिजे.’ यात काही उणे राहिले काय?

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. या तीन वाक्यांत भावना पूर्ण आहे, पण माहिती जवळजवळ काहीच नाही. मार्च महिन्यातील कोणत्या दिवशी? कंपनीने स्वतःचे नाव काय सांगितले? फोन तिने केला की आपण केला, आणि आपण केला असेल तर तो क्रमांक आपल्याला कोठे मिळाला? पैसे किती गेले, आणि याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या मार्गाने गेले?

‘गोड बोलत होता’ या शब्दांपाशी मी थोडा थांबतो, कारण सगळ्यात मोलाचा ऐवज तेथेच दडलेला आहे. तो गोड काय बोलला? समजा, तो म्हणाला असेल की ‘आजोबा, तुमच्या संगणकातून चोरटे तुमच्या खात्यात शिरले आहेत, फोन ठेवलात तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.’ हेच वाक्य, याच शब्दांत, आपण लिहिले असते, तर तेच वाक्य ऐकलेल्या इतर माणसांच्या तक्रारी आपल्या तक्रारीशेजारी येऊन बसल्या असत्या. ‘गोड बोलत होता’ हे शब्द मात्र जगातील यच्चयावत भामट्यांना लागू पडतात.

मी पूर्वी एका संस्थेच्या तक्रारकक्षात आलेली पत्रे फोडून वाचण्याचे काम काही वर्षे केले आहे. एका बाईंनी चार पाने लिहिली होती. चारही पानांवर मनस्ताप होता आणि तो खरा होता, पण उपयोगी असे एकही अक्षर त्यांत सापडेना. पाकीट टाकून देता देता त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेला खाते क्रमांक दिसला. फोनवर बोलताना हाताशी आले त्या कागदावर त्यांनी तो टिपून घेतला होता आणि पुढे त्याच पाकिटात पत्र घालून पाठवले होते. त्या चार पानांपेक्षा त्या पेन्सिलीच्या रेघोट्यांनी अधिक काम केले.

तेव्हा आपली तक्रार पुन्हा लिहावी आणि पुढील वळणाने लिहावी : ‘१४ मार्च रोजी सकाळी अकराच्या सुमारास संगणकाच्या पडद्यावर इशारा आला आणि त्यात एक क्रमांक दिला होता. मी त्यावर फोन केला. बोलणाऱ्याने आपण अमुक कंपनीच्या तांत्रिक विभागातून बोलत असल्याचे सांगितले. त्याने माझ्याकडून एक प्रणाली उतरवून घेतली, तिचे नाव अमुक. नंतर त्याने दुकानातून गिफ्ट कार्डे आणायला सांगून त्यांच्या मागचे क्रमांक वाचून घेतले. कार्डे व पावत्या माझ्यापाशी आहेत.’ तारीख, क्रमांक, सांगितलेले नाव, पैशांचा मार्ग, हाती उरलेले कागद, एवढे आले की तक्रार चालू लागते. जे नक्की ठाऊक आहे ते आणि ज्याचा नुसता अंदाज आहे ते वेगळे ठेवावे. ‘बहुधा’ हा शब्द लिहायला लाजू नये, चुकीच्या खात्रीपेक्षा तो बरा. स्वतःचा सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकारने दिलेला ओळख क्रमांक), कार्डाचा पूर्ण क्रमांक किंवा परवलीचा शब्द मात्र हकिकतीत चुकूनही लिहू नये.

शिक्षेविषयीचे वाक्य ठेवले तरी चालेल. त्याने काही बिघडत नाही.

प्रश्न : कोणीही उठून कोणाहीविरुद्ध तक्रार करील. व्यवसायातील प्रतिस्पर्धी तर करतीलच. अशा न तपासलेल्या तक्रारींच्या जोरावर एखाद्या प्रामाणिक व्यापाऱ्याला गुन्हेगार ठरवणे हा अन्याय नाही का?

तसे ठरवले, तर तो निश्चितच अन्याय होईल. आयोग स्वतःच आपल्या वार्षिक आकडेवारीत सांगतो की या तक्रारी पडताळून पाहिलेल्या नाहीत. म्हणून तक्रार हा पुरावा मानला जात नाही, तो केवळ माग असतो. अधिकारी तक्रारदारांना गाठून त्यांची प्रतिज्ञापत्रे घेतात, बँकांकडून कागदपत्रे मागवतात, प्रसंगी स्वतः गिऱ्हाईक बनून खरेदी करून पाहतात, आणि न्यायालयात उभे राहते ते हे सारे. प्रतिस्पर्ध्याने रचलेल्या तक्रारी या चाळणीतून सहसा पार होत नाहीत. खोट्या तक्रारी बहुधा एका सुरातल्या असतात आणि त्यांच्यामागे पैशांचा व्यवहार सापडत नाही. साठा कुलूपबंद ठेवण्यामागेही हाच विचार आहे. तो वापरणाऱ्या संस्थांना गोपनीयतेची हमी लिहून द्यावी लागते आणि पाच वर्षांहून जुन्या तक्रारी ठरावीक काळाने काढून टाकल्या जातात.

याच्या अगदी उलट मार्ग अमेरिकेतच कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या संस्थेने निवडला. बँका, कर्जे, कार्डे यांविषयीच्या तक्रारी तिने २०१२ पासून लोकांसाठी खुल्या केल्या आणि २०१५ पासून तक्रारदाराची संमती असेल तर त्याची हकिकतही, ओळख पटेल असे तपशील गाळून, प्रसिद्ध केली. तेथे तक्रार आधी कंपनीकडे जाते आणि कंपनीने तिला उत्तर द्यायचे असते. दोन्हींत चांगले कोणते, असे विचाराल तर माझे उत्तर एकेरी नाही. पत्ता असलेली, परवाना घेतलेली बँक चव्हाट्याला भिते, तेव्हा तिच्यासाठी खुला साठा योग्य. ज्या टोळीला ना पत्ता ना परवाना, तिला चव्हाट्याचे भय नसते. उलट आपल्यावर किती तक्रारी साठल्या आहेत हे वाचून ती वेळीच गाशा गुंडाळील. तिच्यासाठी कुलूपबंद साठाच बरा.

प्रश्न : २०२४ मध्ये अमेरिकी ग्राहकांचे फसवणुकीमुळे १,२५० कोटी डॉलर बुडाले आणि हा आकडा आदल्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आहे, असे वाचले. म्हणजे फसवणुकीचे प्रकार एका वर्षात सव्वापट झाले असे समजायचे का?

तसे समजू नये, आणि त्याचे कारण त्याच अहवालात आहे. दोन्ही वर्षी फसवणुकीच्या तक्रारींची संख्या जवळपास सारखीच, म्हणजे सुमारे २६ लाख होती. बदलले ते दुसरेच. २०२३ मध्ये तक्रार करणाऱ्यांपैकी २७ टक्के लोकांनी पैसे गेल्याचे सांगितले होते, २०२४ मध्ये हे प्रमाण ३८ टक्क्यांवर गेले. जाळी टाकण्याचे प्रमाण तेवढेच राहिले, पण त्यात अधिक मासे अडकले, असा त्याचा अर्थ लावता येतो. या रकमेतील सर्वांत मोठा वाटा, ५७० कोटी डॉलर, गुंतवणुकीच्या आमिषांचा होता आणि त्याखालोखाल सरकारी अधिकारी, बँक किंवा नातेवाईक असल्याची बतावणी करणाऱ्या तोतयांचा.

शिवाय हे सारे आकडे ज्यांनी तक्रार केली त्यांचेच आहेत. आयोगात काम केलेल्या एका अर्थतज्ज्ञाने २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, फसलेल्यांपैकी जेमतेम ४.८ टक्के लोक सरकारी संस्थेकडे किंवा बेटर बिझनेस ब्युरोकडे जातात. त्यामुळे साठ्यातील आकडा वाढला, तर फसवणूक वाढली असेल, तक्रार करण्याचे प्रमाण वाढले असेल किंवा एखाद्या नव्या संस्थेने आपल्या तक्रारी साठ्यात घालायला सुरुवात केली असेल. एका नजरेत यातले कोणते खरे हे ओळखता येत नाही. वर्तमानपत्री मथळ्यांना या बारकाव्याचे सोयरसुतक नसते.

वयाचे आकडे मात्र पाहण्यासारखे आहेत, कारण ते आपल्या ठाम समजुतीला धक्का देतात. २०२३ मध्ये तक्रार करणाऱ्या विशीतल्या तरुणांपैकी ४४ टक्क्यांनी पैसे गमावल्याचे सांगितले होते, तर सत्तर ते एकोणऐंशी या वयोगटात हे प्रमाण २५ टक्के होते. म्हातारी माणसे जात्याच भोळी, हे म्हणणे येथे टिकत नाही. फरक इतकाच की वृद्धाचे पैसे जातात तेव्हा मोठी रक्कम जाते. ऐंशीच्या पुढच्या तक्रारदारांचा मध्यक तोटा, म्हणजे निम्म्या लोकांचा ज्याहून कमी आणि निम्म्यांचा ज्याहून अधिक तो आकडा, १,४५० डॉलर होता. सर्व वयांचा मिळून तो ५०० डॉलर होता.

प्रश्न : फसवणारा एका देशात, फसलेला दुसऱ्या देशात. अशा वेळी हा साठा काय करणार?

याची तरतूद दोन टप्प्यांत झाली. एप्रिल २००१ मध्ये तेरा देशांच्या ग्राहकसंरक्षण संस्थांनी मिळून ‘ई-कन्झ्युमर डॉट गव्ह’ हे सीमापार तक्रारींचे संकेतस्थळ सुरू केले आणि तेथील तक्रारी सेंटिनेलमध्ये जमा होऊ लागल्या. पुढे २००६ च्या ‘यू. एस. सेफ वेब’ कायद्याने आयोगाला परदेशी संस्थांशी तपासातील माहितीची देवाणघेवाण करण्याचा अधिकार मिळाला. त्याआधी गोपनीयतेच्या नियमांमुळे तपासकर्त्यांचे हात बरेचसे बांधलेले होते.

माहिती सीमा ओलांडते तितक्या सहजपणे कारवाई ओलांडत नाही, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून अटकेची धमकी देणाऱ्या टोळीवर अमेरिकेच्या न्याय खात्याने ऑक्टोबर २०१६ मध्ये आरोपपत्र उघड केले. त्यात ५६ व्यक्ती आणि अहमदाबादेतील पाच कॉल सेंटरे मिळून ६१ आरोपी होते आणि किमान १५,००० लोक फसल्याचे म्हटले होते. अमेरिकेत बसून पैसे उचलणाऱ्या साथीदारांना २०१८ मध्ये शिक्षा झाल्या, त्यांतील सर्वांत मोठी वीस वर्षांची होती. पलीकडे बसलेल्यांना तेथवर नेणे हे प्रत्यार्पणाचे, म्हणजे फार सावकाश चालणारे काम आहे. म्हणूनच तपासकर्ते पैशांच्या अलीकडच्या टोकाला इतके महत्त्व देतात, आणि म्हणूनच पैसे कोणी, कोठून उचलले हा तपशील तक्रारीत आला पाहिजे, असे वर सांगितले.

प्रश्न : माझी मावशी अमेरिकेत मुलाकडे असते. तिला तोतया अधिकाऱ्याचा फोन आला. तिने पैसे दिले नाहीत, पण अर्धा तास ती त्याच्याशी बोलत राहिली, याची तिला आता लाज वाटते. काहीच गेले नाही तर तक्रार कशाची करायची, असे ती म्हणते. शिवाय नाव कोठे लागायला नको, असाही तिचा आग्रह आहे.

मावशींनी तक्रार अवश्य करावी. वर दिलेल्या आकड्यांवरूनच दिसेल की तक्रार करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचे काहीच गेलेले नसते, आणि तरीही त्यांची माहिती तितकीच उपयोगी पडते. किंबहुना अर्धा तास बोललेल्या आणि न फसलेल्या माणसाला भामट्याची संहिता शेवटापर्यंत ऐकायला मिळालेली असते. घाबरून पहिल्याच मिनिटाला पैसे देणाऱ्याला ती मिळत नाही.

नावाची चिंता नसावी. आयोगाच्या अर्जात स्वतःचे नाव, पत्ता न देताही हकिकत नोंदवता येते. तोटा इतकाच की अधिकाऱ्याला काही विचारायचे झाले, तर तो त्यांच्यापर्यंत पोहोचू शकणार नाही.

आणखी एक सूचना मावशींना आवर्जून द्यावी. एकदा भामट्याशी बोललेल्या माणसाचा क्रमांक त्या धंद्यात विकला जातो आणि काही दिवसांनी दुसराच कोणी ‘आम्ही फेडरल ट्रेड कमिशनमधून बोलत आहोत, आपली तक्रार मिळाली, आपले पैसे परत करायचे आहेत, त्यासाठी थोडे शुल्क भरा’ असे सांगत फोन करतो. आयोग परतावा देण्यासाठी कधीही पैसे मागत नाही. तसा फोन आला, तर या वेळी अर्धा तास बोलत बसू नये. क्रमांक आणि वेळ टिपून घ्यावी, फोन ठेवावा आणि दुसरी तक्रार नोंदवावी.